विमा नाही, दमा आहे: महाराष्ट्रात कमी खर्चात उपचार कसे चालू ठेवायचे

दम्याचा खर्च दोन ठिकाणी होतो. एक, रोजच्या पंपावर (इनहेलर, म्हणजे तोंडाने ओढायचं औषध). दोन, दम लागल्यावर रात्री-अपरात्री गाठलेल्या नर्सिंग होममध्ये: वाफ, इंजेक्शन, सलाइन, एक्स-रे, दोन दिवसांची खाट. पहिला खर्च टाळला की दुसरा वाढतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या एकाच बिलात पहिल्या प्रकारची कित्येक महिन्यांची औषधं येतात. म्हणून हातात पैसे थोडे असतील तर ते आधी रोजच्या औषधावर घाला. खाली जे काही आहे ते सगळं या एका हिशोबावर उभं आहे.

आणि विमा नाही म्हणून फार हळहळू नका. बाजारातल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. दर महिन्याचा पंप विमेदारालाही बहुधा स्वतःच्या खिशातूनच घ्यावा लागतो.

आधी हे तपासा: काही योजना नकळत लागू आहे का?

पगाराची स्लिप काढा. तुम्ही किंवा घरातलं कुणी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, दुकानात, हॉटेलात, सिक्युरिटी एजन्सीत असाल आणि पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल, तर ईएसआयसी (कामगारांची सरकारी विमा योजना) लागू असण्याची दाट शक्यता आहे. स्लिपवर पगाराच्या ०.७५ टक्के कपात दिसते. कंत्राटी कामगारांचे पैसे कापले जातात, पण विमा क्रमांक कुणी हातात देत नाही. तो ठेकेदाराकडे मागा. ईएसआयसीच्या दवाखान्यात तपासणी आणि औषधं, पंपासह, विनामूल्य असतात. जोडीदार, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. दम्याच्या रुग्णाला याहून सोयीची योजना नाही, कारण इथे ओपीडीचं औषधही मिळतं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देते आणि राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी खुली आहे. पण ती भरतीसाठी. रोजच्या पंपासाठी तिचा उपयोग शून्य. कार्ड मात्र आजच काढून ठेवा. धाप लागलेला माणूस घेऊन रेशनकार्ड शोधत बसणं कुणाच्याच नशिबी येऊ नये.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिचाही मुख्य उपयोग भरतीच्या वेळीच. ओपीडीसाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा रुग्णालय गाठावं.

पहिली पायरी: निदान कागदावर आणा

बऱ्याच जणांच्या फायलीत वर्षानुवर्षं ‘अॅलर्जिक खोकला’, ‘ब्राँकायटिस’, मुलांच्या बाबतीत ‘बाळदमा, मोठेपणी जातो’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. निदान पक्कं नसेल तर प्रत्येक नवा डॉक्टर खोकल्याच्या सिरपपासून सुरुवात करतो.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरातल्या ‘आपला दवाखाना’मध्ये करा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर तिथे आधी थुंकी तपासतील. ही क्षयरोगाची तपासणी मोफत आहे, नाही म्हणू नका. क्षयरोग नाही हे कळल्याशिवाय दम्याचं निदान अर्धवटच राहतं.

डॉक्टरांना चार गोष्टी नेमक्या सांगा. त्रास रात्री किंवा पहाटे वाढतो का. मधले काही दिवस अगदी बरे जातात का. धूळ, धूर, फोडणीचा ठसका, पावसाळी हवा, पळणं, हसणं यांपैकी कशाने सुरू होतो. घरात कुणाला दमा, सततची सर्दी किंवा इसब आहे का. त्रास कमी-जास्त होत राहणं हीच दम्याची खूण. वर्षभर एकसारखी आणि चढत जाणारी धाप, त्यात विडी किंवा चुलीच्या धुराचा इतिहास, तर वेगळा आजार असू शकतो.

पक्कं करायला स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वास मोजायची चाचणी) लागते. ती आरोग्य केंद्रात बहुधा नसते. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या श्वसनरोग विभागात होते, म्हणून आरोग्य केंद्रातूनच संदर्भचिठ्ठी घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल; छत्रपती संभाजीनगरात घाटी. दारावर ‘छाती व क्षयरोग विभाग’ अशी पाटी असेल. ती वाचून परत फिरू नका, दम्याची ओपीडीही तिथेच असते.

चाचणीला जाताना:

- दम लागल्यावर घ्यायचा साधा पंप (साल्ब्युटामॉल) आधी किमान ४ तास घेऊ नये, सकाळ-संध्याकाळचा लांब काम करणारा पंप २४ तास. दम जास्त असेल तर मात्र औषध थांबवू नका, चाचणी पुढे ढकला.
- घट्ट कपडे आणि पोटभर जेवण टाळा.
- फुंकर एकदम जोरात सुरू करून ६ सेकंद रेटायची असते. अर्ध्यात सोडली की चाचणी वाया जाते. तंत्रज्ञ पुन्हा करायला लावतो, त्यात वैतागू नये.
- ‘औषधाआधी आणि औषधानंतर’ अशी दोन्ही करून मागा. पंप दिल्यावर १५ मिनिटांनी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा श्वास १२ टक्के आणि २०० मिलिलिटर या दोन्ही मापांनी वाढला तर मोठ्या माणसात दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा.

बऱ्या दिवशी चाचणी साफ येऊ शकते. त्याने दमा नाही असं सिद्ध होत नाही. त्रासाच्या दिवशी पुन्हा करा.

स्पायरोमेट्रीची तारीख लांबची मिळाली तर पीक फ्लो मीटर घ्या. प्लॅस्टिकची नळी, बाजूला आकडे आणि सरकणारा काटा, एवढंच यंत्र. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, औषध घेण्याआधी, उभं राहून तीनदा फुंका आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३८० आले तर फरक ८०, सरासरी ३४०, म्हणजे साधारण साडेतेवीस टक्के चढउतार. मोठ्या माणसात ही रोजची सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिली तर दम्याकडे बोट जातं. ही वही पाहून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात.

दुसरी पायरी: सरकारी ओपीडीत औषध कसं पदरात पाडायचं

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची आणि महापालिकेची तिसऱ्याच व्यवस्थेची. तिथे केसपेपर आणि तपासण्यांना थोडे पैसे पडू शकतात, पण खासगीच्या मानाने किरकोळ. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड बरोबर ठेवा, सवलत बऱ्याचदा त्यावरच मिळते.

नोंदणीची खिडकी सकाळी लवकर उघडते आणि दुपारी जेवणाच्या आधी बंद होते. साडेबाराला पोहोचून उपयोग नाही. मोठ्या रुग्णालयात श्वसनरोगाची ओपीडी ठरलेल्या वारीच असते, आधी विचारून जा.

तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, औषध खिडकीवर गेलात आणि ‘हे नाही, बाहेरून घ्या’ ऐकायला मिळालं. हे होणार असं धरूनच चला. अशा वेळी:

१. खिडकीवरच विचारा, याच गटातलं दुसरं काय शिल्लक आहे? पंप नसेल पण यंत्रात घालून ओढायच्या पुडीच्या कॅप्सूल असतील, किंवा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (सूज कमी करणारं आणि श्वासनळी सैल करणारं औषध एकत्र) नसेल पण नुसतं बुडेसोनाइड असेल.

२. तेच नाव घेऊन परत डॉक्टरांकडे जा आणि चिठ्ठी बदलून घ्या. स्वतःच्या मनाने बदलू नका.

३. काहीच नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून औषधाची स्थानिक खरेदी होऊ शकते. तोंडी तक्रारीपेक्षा केसपेपरवर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा मागितला की काम लवकर हलतं.

४. साठा आला की एका वेळी महिन्याचं औषध लिहून मागा. पाच-सात दिवसांचं औषध आणि दर आठवड्याला बुडालेली मजुरी, यात मोफत औषधही महाग पडतं.

तिसरी पायरी: चिठ्ठीत काय हवं

दम्याची औषधं दोन कामं करतात. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल (अस्थालिन, लेव्होलिन) आकसलेली श्वासनळी काही मिनिटांत सैल करतं, पण आतली सूज तशीच राहते. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही ओढायची स्टेरॉइड सूज कमी करतात, पण हळूहळू आणि रोज घेतली तर. जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून सांगतात की नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त असे पंप संपत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा. तो पंप स्वस्त आहे आणि लगेच बरं वाटतं, म्हणून लोक तोच घेत राहतात.

ज्याला दोन पंप परवडत नाहीत त्याने डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा: ‘बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजचाही आणि दम लागल्यावरचाही म्हणून वापरू का?’ फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम करतं, म्हणून हे जमतं. सौम्य दम्यात तर हा पंप लागेल तेव्हाच घेऊनही भागू शकतं आणि १२० मात्रांचा एक पंप बरेच महिने पुरतो. १२ वर्षांवरच्यांसाठी २००/६ ताकदीच्या (एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड, ६ फॉर्मोटेरॉल) दिवसभरात एकूण १२ मात्रांपेक्षा जास्त घ्यायच्या नसतात, आणि तेवढ्या लागायची वेळ आली तर घरी बसायचं नसतं. हे फक्त फॉर्मोटेरॉलबाबत लागू आहे. सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोन (सेरोफ्लो वगैरे) असं वापरता येत नाही, त्याला वेळ लागतो.

चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव, ताकद (१००/६, २००/६ की ४००/६), पंप की कॅप्सूल, दिवसाला किती, असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ब्रँडचं नाव असेल तर स्वस्त दुकानात पर्याय मिळवताना अडतं.

‘स्टेरॉइड नको’ म्हणणाऱ्यांसाठी एक गणित. ओढायच्या औषधात दिवसाला साधारण ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड जातं. अटॅक आल्यावर दिवसाला दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ४० मिलिग्रॅमच्या, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि त्या सगळ्या अंगभर जातात. औषधं वेगळी आहेत, थेट तुलना होत नाही, पण पंपाला घाबरून जो शेवटी गोळ्यांवर येतो त्याच्या अंगात स्टेरॉइड कितीतरी जास्त जातं.

चौथी पायरी: खरेदी

किंमत बघताना पाकिटावरचा आकडा बघू नका, दिवसाचा खर्च काढा. समजा, १२० मात्रांचा पंप ४२० रुपयांना आहे आणि रोज २-२ असे ४ फवारे लिहिलेत: मात्रा साडेतीन रुपयांची, दिवस १४ रुपयांचा, पंप ३० दिवस. समजा, दुप्पट ताकदीच्या ३० कॅप्सूलची बाटली १५० रुपयांना आहे आणि रोज दोन लागतात: दिवस १० रुपयांचा. हे आकडे नमुन्याचे आहेत, रीत तेवढी लक्षात ठेवा. ताकद न पाहता तुलना केलीत तर फसाल. २०० च्या दोन फवाऱ्यांना ४०० ची एक कॅप्सूल, असा मेळ डॉक्टरांकडून तपासून घ्या.

- जनऔषधी केंद्र: साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल यादीत आहेत, ब्रँडच्या मानाने बरेच स्वस्त. अडचण साठ्याची. ‘जनऔषधी सुगम’ अॅपवर जवळचं केंद्र आणि दर दिसतो. जाण्याआधी फोन करा, नसेल तर मागवायला सांगा आणि औषध संपायच्या दहा दिवस आधीच सांगा. हेल्पलाइन १८००-१८०-८०८०.
- नेहमीचं मेडिकल: एकाच मूळ औषधाच्या किमती कंपनीगणिक खूप वेगळ्या असतात. ‘याच ताकदीत सगळ्यात स्वस्त कुठलं?’ असं थेट विचारा. छापील किमतीवर सूट मागायला लाजू नका. जेनेरिक मालावर दुकानदाराचा नफा मोठा असतो आणि त्यातून तो देऊ शकतो.
- सरकारी किंमतबांधणी: साल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांच्या ठरावीक ताकदीला कमाल दर ठरलेला असतो. डॉक्टरांना फरक पडत नसेल तर यादीतलं औषध लिहून मागणं फायद्याचं.

कॅप्सूल नवीन कंपनीची घेतली तर दुकानातच आपल्या यंत्रात बसते का बघा. पंपाची मुदत पाहा. ज्यांना पंप चार-सहा महिने पुरतो त्यांनी तर नक्कीच.

पाचवी पायरी: औषध घशात नाही, छातीत जायला हवं

पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. पंप चुकीचा मारला की बहुतेक औषध जिभेवर आणि घशात बसतं. मग ‘पंपाने फरक पडत नाही’ म्हणून डॉक्टर ताकद वाढवतात आणि खर्चही वाढतो.

*पंप.* झाकण काढा, तोंडात कचरा नाही ना बघा, जोरात हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर दोन-चार फवारे हवेत मारा. श्वास पूर्ण सोडा. ओठांनी घट्ट धरा. हळू श्वास घ्यायला सुरुवात करून मगच दाबा आणि चार-पाच सेकंद हळूच घेत राहा. दहा सेकंद रोखा. दुसऱ्या फवाऱ्याआधी अर्धा-एक मिनिट थांबा आणि पुन्हा हलवा. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो.

*कॅप्सूलचं यंत्र.* इथे उलटं: श्वास जोरात आणि खोल ओढायचा. रोटाहेलरमध्ये कॅप्सूलची पारदर्शक बाजू आधी चौकोनी भोकात घालायची, वरची कड भोकाशी सपाट होईपर्यंत दाबायची, मग बूड फिरवायचं म्हणजे कॅप्सूल उघडते. यंत्रात फुंकर मारायची नाही, ओलाव्याने पूड चिकटते. पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कॅप्सूलची बाटली लगेच घट्ट बंद करा, दमट पूड गोळा होऊन बसते. यंत्र आठवड्यातून एकदा धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. आणि हो, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक आजही भेटतात. घरातल्या वयस्कर माणसाला पहिल्या दिवशी समोर बसवून करून घ्या.

लहान मुलांना आणि जोराची धाप लागलेल्या कुणालाही पूड ओढता येत नाही. त्यांना पंप आणि स्पेसर.

*घरचा स्पेसर.* स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. फवारा तिथे थांबतो, श्वासाचा आणि दाबण्याचा मेळ चुकला तरी चालतं. विकतचा परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरची पाण्याची बाटली चालते. केप टाउनमध्ये अटॅक आलेल्या मुलांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नीट बंद केलेला बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला.

१. बाटली साबणाने धुऊन वाळवा. जाड प्लॅस्टिकची घ्या.

२. जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकारात वाकवा, किंचित लहानच.

३. पकडीत धरून तार गरम करा, लालबुंद नको, नाहीतर बाटली आक्रसते. उघड्या हवेत बाटलीच्या बुडावर टेकवून भोक पाडा.

४. प्लॅस्टिक मऊ आहे तोवरच पंपाचं तोंड आत दाबा, म्हणजे भोक नेमक्या मापाचं होतं. फट राहिली तर एम-सील किंवा चिकटपट्टीने बुजवा. केसभर फट असली तरी औषध बाहेर जातं.

५. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळून वाळू द्या. आतून पुसू नका. पुसल्याने प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. तोंड लागतं ती कड मात्र साध्या पाण्याने धुवा.

वापर: पंप हलवा, बुडात बसवा, बाटलीचं तोंड ओठांत धरा, एक फवारा मारा, चार ते सहा वेळा शांत श्वास आत-बाहेर. मग दुसरा फवारा. दोन-तीन फवारे एकदम मारू नका, ते एकमेकांत मिसळून भिंतीवर बसतात. अगदी लहान मुलांना मास्क लागतो, तिथे विकतचाच घ्या.

*पंप संपला कसा कळणार?* उरलेल्या मात्रांचा आकडा दाखवणारा नसेल तर हलवून कळत नाही, पाण्यात तरंगवूनही कळत नाही. औषध संपल्यावरही त्यातून नुसता वायू फुसफुसत राहतो. सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख पेनने पंपावर लिहा: १२० भागिले रोजचे ४, तीस दिवस.

दम लागला तर

ताठ बसवा, आडवं करू नका. साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून, एका वेळी एक फवारा, असे ४ फवारे. फरक नसेल तर १० पर्यंत. वीस मिनिटांनी पुन्हा करता येतं, तासाभरात तीनदा. पण पहिल्या फेरीत आराम नाही तर घरी दुसऱ्या फेरीची वाट बघत बसू नका. निघा, आणि वाटेत देत राहा.

सरळ १०८ लावायची वेळ: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी, ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली, किंवा आधी येणारा सुंई-सुंई आवाज एकदम बंद झाला पण दम तसाच आहे. हे शेवटचं लक्षण घरच्यांना सुधारणा वाटते. प्रत्यक्षात आवाज करण्याइतकीही हवा आत जात नसते.

वाफेचं मशीन (नेब्युलायझर) घरी विकत घेण्याआधी थांबा. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये पंप आणि स्पेसर तेवढंच काम करतात, लोडशेडिंगमध्येही.

भरती व्हावं लागलं तर

सरकारी रुग्णालय गाठता येत असेल तर तेच. खासगीत जावं लागलं तर दारातच दोन प्रश्न: जनआरोग्य योजनेत हे रुग्णालय आहे का, आणि आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला माणूस) कुठे बसतो? कोणतं पॅकेज बसतं ते तो सांगेल. हेल्पलाइन १५५३८८.

रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर योजनेच्या बाहेरही हक्क आहे. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, आणि बिल निघायच्या आत भेटा. डिस्चार्जच्या दिवशी सुरू केलेली धावपळ क्वचितच फळते. खाटा भरल्या आहेत असं उत्तर मिळालं तर शिल्लक खाटांची माहिती दाखवायला सांगा, आणि पुढची पायरी म्हणून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार.

पैसे इथे घालवू नका

दर सर्दीला अँटिबायोटिक आणि खोकल्याचं सिरप: दम्याच्या खोकल्याला दोन्हींचा उपयोग नाही. ‘डेरिफायलिन-डेक्सा’चं इंजेक्शन घेऊन दोन दिवस बरं वाटणं म्हणजे मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणं, आणि त्याचा असर उतरला की सूज परत येतेच. मॉन्टेलुकास्टची गोळी काहींना लागते, पण ती स्टेरॉइडच्या पंपाची जागा घेत नाही. ती सुरू केल्यावर झोप बिघडली, चिडचिड किंवा उदासी वाढली तर डॉक्टरांना लगेच सांगा. रक्ताच्या महागड्या अॅलर्जी पॅनेलने बहुतेकांचे उपचार बदलत नाहीत.

पुडीतल्या निनावी चूर्णाने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात स्टेरॉइडची गोळी कुटलेली असण्याची शंका घ्या. कोजागिरीच्या रात्रीची औषधी खीर श्रद्धेने खायची असेल तर खा, दुसऱ्या दिवशी सकाळचा पंप मात्र चुकवू नका.

डोकेदुखी-अंगदुखीला अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्यावर काहींचा दम उसळतो. आधी तसं झालं असेल तर पॅरासिटामॉलवर राहा. रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही दमा वाढवतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘मला दमा आहे’ हे पहिलं वाक्य.

घरात बिनखर्चाचं एवढं करा: मच्छर कॉइल आणि उदबत्ती बंद करून मच्छरदाणी लावा, गाद्या उन्हात टाका, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, मळणी किंवा कापसाच्या कामात तोंडाला कापड बांधा, चूल असेल तर धूर बाहेर जाईल अशी बघा. घरात कुणी विडी ओढत असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

पैसे संपले, औषध संपत आलं

अचानक बंद करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की एवढं परवडत नाही. त्यांना मात्रा किंवा औषध बदलता येतं, पण तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळत नाही. तीन महिने त्रास नसेल, रात्रीची जाग नसेल, दम लागल्यावरचा पंप क्वचितच लागत असेल, तर मात्रा कमी करायचा हक्काचा मुद्दा तुमच्याकडे आहे. ती २५ ते ५० टक्क्यांनी उतरवतात आणि पुन्हा तीन महिने बघतात. पावसाळ्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर मात्र उतरवायला सुरुवात करू नये.

पुढच्या प्रत्येक भेटीला पंप, स्पेसर आणि वही बरोबर न्या आणि डॉक्टर किंवा सिस्टरांसमोर एकदा पंप मारून दाखवा. मात्रा वाढवायची की नुसती पद्धत सुधारायची, हे त्या अर्ध्या मिनिटात ठरतं.